पांढरी एकचा माऊथ ऑर्गन, पांढरी पाचातला ब्लूज

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा पेटीविरुद्ध जे मुद्दे मांडले गेले त्यातला हा एक. आता गंमत बघा. पेटीतली रीड आणि माऊथ ऑर्गनमधली रीड एकाच जातीची. धातूची पातळ पट्टी, एक टोक रिव्हेटने पक्कं, दुसरं मोकळं, आणि हवा गेली की ते खाचेतून आतबाहेर थरथरतं. पण चार बोटं लांबीच्या त्या खेळण्यातून मींड निघते. नुसती निघत नाही, रडते, कुरकुरते, गुरगुरते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांना हे सापडलं आणि ब्लूज या त्यांच्या संगीताला त्याचा आवाज मिळाला. ‘मिसिसिपी सॅक्सोफोन’ असं त्याचं टोपणनाव पडलं ते यामुळेच.

ते वाद्य तिथवर कुठून आलं? जर्मनीतून. ट्रॉसिंगन गावात माथियास होनरने १८५७ मध्ये माऊथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली आणि लवकरच अमेरिका त्याचं मोठं गिऱ्हाईक झाली. स्वस्त, खिशात मावणारा, तार तुटायची भीती नाही. जर्मन कारागिरांनी तो लोकगीतं आणि नाचाच्या चाली वाजवायला बनवला होता: फुंकलं की घराचा, म्हणजे सा-चा, स्वरमेळ (कॉर्ड), ओढलं की बाकीचे सूर. ब्लूजवाल्यांनी हे उलटं केलं. त्यांचं घर ओढण्यात आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका वाक्याचा विस्तार आहे, तेव्हा ते लक्षात ठेवा: ब्लूज आत घेतलेल्या श्वासावर वाजतो.

आधी योग्य वाद्य घ्या

आपल्याकडच्या दुकानात ‘माऊथ ऑर्गन’ मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो लांबलचक, दोन ओळी भोकांचा ट्रेमोलो. त्याच्यात प्रत्येक सुराला दोन रीड असतात, एकमेकींपेक्षा किंचित वरखाली लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. जुन्या हिंदी गाण्यांना तो गोड लागतो. ब्लूजला तो निरुपयोगी आहे, कारण त्याचे सूर वाकत नाहीत. काकांनी दिलेला घरात पडलेला असेल तर असू दे, पण शिकायला वापरू नका. सहा महिने छाती फोडाल आणि स्वतःला दोष द्याल.

बाजूला बटण असलेला क्रोमॅटिक हेही वेगळं प्रकरण. तुम्हाला हवा आहे दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे एकाच स्केलचे सूर बसवलेला. दुकानात ‘दहा भोकांचा, ब्लूजचा, सी स्केलचा’ असं स्पष्ट सांगा. सी म्हणजे आपली पांढरी एक, पेटीवर सप्तकातली पहिली पांढरी पट्टी; पुढच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्याही अशाच मोजायच्या. ऑनलाइन शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे धडे सीवर असतात म्हणून तो पहिला.

कंपनी कोणती? होनरचा मरीन बँड १८९६ पासून आहे आणि ब्लूजच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मुख्यतः तोच ऐकू येतो. पण त्याच्या मधली भोकांची पट्टी, जिला कंगवा म्हणतात, ती पारंपरिकरीत्या लाकडी असते. थुंकीने आणि दमट हवेने लाकूड फुगतं आणि ओठांना टोचतं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर प्लास्टिक कंगव्याचा स्पेशल ट्वेंटी किंवा त्या दर्जाचा सुझुकी, ली ऑस्कर, सायडेल घ्या. अगदी दोन-तीनशे रुपयांचं खेळणं मात्र नको. त्यातून हवा इतकी गळते की सूर वाकतोय की नाही हेच कळत नाही.

तोंड, नाक, हात

एक आकडा कोरलेली बाजू डावीकडे, म्हणजे खर्जाचे सूर डावीकडे. डाव्या हाताची तर्जनी वर, अंगठा खाली, मागे बोटांची ओंजळ. उजवा हात त्या ओंजळीला झाकण म्हणून येतो.

नवशिके वाद्य ओठांच्या टोकावर धरतात, गरम चहाचा कप धरल्यासारखं. आत घ्या. ओठांचा ओला भाग वाद्याला लागला पाहिजे. श्वास पोटातून, हळू. एक चाचणी आत्ताच करा: कुठलाही सूर धरा आणि दुसऱ्या हाताने नाक दाबा. आवाज वाढला किंवा बदलला तर इतका वेळ तुमची हवा नाकातून पळत होती. नाक आतून बंद करायला शिका. फुगा फुगवताना ते आपोआप होतं, तसंच.

यात एक विचित्र अडचण येते. ब्लूजमध्ये ओढणं जास्त असल्यामुळे दम संपत नाही, उलट छाती भरून जाते आणि पुढचा सूर ओढायला जागाच उरत नाही. जागा मिळेल तिथे, दोन वाक्यांच्या मधे, नाकाने हवा सोडून द्यायची. पोहणाऱ्याला जसं डोकं कधी वर काढायचं ते कळतं तसं हे कळायला लागतं.

पहिल्या आठवड्यात दुसरं काहीच करू नका, फक्त आगगाडी चालवा. पहिली तीन भोकं एकदम तोंडात घ्या: ओढ-ओढ, फुंक-फुंक, ओढ-ओढ, फुंक-फुंक. सावकाश सुरू करा, स्टेशन सुटल्यासारखी, मग वेग वाढवा. हा पोरखेळ समजू नका. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय वादक नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा मोठा तारा, आणि त्याची ख्याती होती ती माऊथ ऑर्गनवर रेल्वे हुबेहूब धावती करण्याबद्दल. १९२७ मध्ये ती ध्वनिमुद्रितही झाली. आगगाडीतून लय, श्वासाची अदलाबदल आणि ओठांची सैलता हे तिन्ही एकाच वेळी तयार होतात.

एक भोक, एक सूर

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता: ‘ऊ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करा आणि वाद्य मागच्या बाजूने किंचित वर उचला. दुसरा रस्ता जिभेचा: चार भोकं तोंडात घ्यायची, डावीकडची तीन जिभेने झाकायची, उजवीकडचं एक उघडं ठेवायचं. सुरुवातीला लाळ गळते, जीभ थकते, आरशात बघवत नाही. पण शिकागोच्या बहुतेक थोर वादकांचा जाड, भरलेला आवाज या दुसऱ्या पद्धतीतून येतो, कारण जीभ क्षणभर उचलून परत टेकवली की सुराच्या आधी खालचा सगळा स्वरमेळ ‘थप्प’ करून येतो. पहिली शिका, पण दुसरीला टाळत बसू नका. मी दोन वर्षं टाळली, आणि ती दोन वर्षं माझा आवाज डबड्यातल्या डासासारखा होता.

पट्टी उलटी करायची

आता मुख्य गोष्ट. पांढरी एकच्या माऊथ ऑर्गनवर ब्लूज पांढरी एकमधे वाजवायचा नाही. तो वाजवायचा पांढरी पाचमधे. इंग्रजीत याला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात.

पांढरी पाचला सा माना, आणि बघा कुठे काय येतं. (‘ओ’ म्हणजे ओढून, ‘फुं’ म्हणजे फुंकून.)

मंद्र म: १फुं
मंद्र प: १ओ
मंद्र ध: २फुं
सा: २ओ (३फुं हाही तोच सूर)
शुद्ध ग: ३ओ
म: ४फुं
प: ४ओ
ध: ५फुं
कोमल नी: ५ओ
तार सा: ६फुं
तार रे: ६ओ

खमाजाची आठवण झाली ना? शुद्ध ग आणि कोमल नी. ब्लूजला हवा असलेला सप्तकाचा सांगाडा आयताच मिळतो. शिवाय पहिली चार भोकं एकदम ओढली की सा-चा पूर्ण स्वरमेळ मिळतो आणि पाचवं भोक त्यात कोमल नी घालतं. मधला रे आणि मंद्र सप्तकातला नी मात्र या यादीत नाहीत. ते वाद्यात बसवलेलेच नाहीत. ते तुम्हाला तोंडाने तयार करायचे आहेत. त्याकडे येतोच.

गिटारवाल्यासोबत वाजवायचं असेल तर हिशेब असा ठेवा: गाण्याचा सा जिथे, त्याच्या मध्यमाचा माऊथ ऑर्गन उचलायचा. गाणं पांढरी पाचात असेल तर त्याचा मध्यम पांढरी एक, म्हणून सी. गिटारवाल्यांना पांढरी तीन, म्हणजे ई, फार आवडते. तिचा मध्यम पांढरी सहा, म्हणून ए-चा माऊथ ऑर्गन. तुमचा दुसरा माऊथ ऑर्गन तोच असू दे. इंटरनेटवर यासाठी वर्तुळांचे तक्ते मिळतात. ज्याला सरगम येते त्याला त्यांची गरज नाही.

सूर वाकवणं

इथे थांबून बसायचं आहे, घाई नको.

तिसऱ्या भोकाच्या आत डोकावू. त्या एकाच कप्प्यात दोन रीड आहेत. फुंकली की वाजते ती पांढरी पाच, ओढली की वाजते ती पांढरी सात. नेहमीसारखं ओढलं तर वरची, पांढरी सात, एकटी बोलते. पण तोंडाच्या आतली पोकळी तुम्ही मोठी आणि खोल केलीत, तर तोंड खालच्या सुराला जास्त साथ देऊ लागतं. मग फुंकण्यासाठी बसवलेली ती दुसरी रीडही ओढण्याच्या हवेवर उलट्या बाजूने उघडून थरथरायला लागते. दोघींच्या ओढाताणीत सूर खाली घसरतो: काळी पाच, पांढरी सहा, काळी चार. तिथे तळ लागतो, कारण खाली पांढरी पाच स्वतः बसलेली आहे. त्या दोन रीडमधे जेवढी जागा, तेवढीच मींड.

हे कळलं की सगळा नकाशा पाठ न करता काढता येतो. दुसऱ्या भोकात पांढरी तीन आणि पांढरी पाच, मधे दोन पट्ट्या, म्हणून दोन थांबे: काळी तीन आणि पांढरी चार. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या भोकात एकेकच थांबा. पाचव्यात दोन्ही सूर शेजारी-शेजारी, म्हणून तो जेमतेम हलतो. त्याला जबरदस्ती केली तर रीड जाते. सातव्यापासून वर उलटं आहे, तिथे फुंकीचा सूर वरचा, म्हणून आठ-नऊ-दहा फुंकून वाकतात. ब्लूज गायक-वादक जिमी रीडने त्या वरच्या टोकाला घर केलं होतं. तुम्ही एवढ्यात तिकडे जाऊ नका.

पेटीत असं का होत नाही, तेही यातून उलगडतं. तिथे प्रत्येक रीड स्वतःच्या खोलीत एकटी असते, आणि भात्याला जीभ नसते.

करायचं कसं? चौथ्या भोकापासून सुरू करा. आधी वाद्य खाली ठेवा. हवा आत ओढत शिट्टी वाजवा, उंच, आणि मग शिट्टीचा सूर हळूहळू खाली आणा. जिभेचं काय होतंय ते बघा: मधला फुगवटा मागे सरकतो, जबडा किंचित उतरतो, ‘ई’चा ‘ऊ’ होतो. हीच हालचाल, तेवढीच, वाद्य तोंडात ठेवून करायची. चौथं भोक साधं ओढा, पांढरी दोन येईल. धरून ठेवा. ‘ई… ऊ’. पहिले काही दिवस सूर नुसता गुदमरेल, घोगरा होईल, मरेल. मग एका संध्याकाळी तो अचानक काळी एकवर जाऊन पडेल आणि तुम्ही इतके दचकाल की तोंडातून वाद्य काढाल. पुन्हा जमायला आणखी दोन दिवस लागतील. सगळ्यांचं असंच होतं. शेजारी पेटी किंवा ट्यूनरचं अ‍ॅप ठेवा. पडलेला सूर नेमका काळी एक आहे का ते तपासा, कारण वाकलेला सूर आणि बेसूर यांत फरक आहे आणि तो कानाला उशिरा कळतो.

सगळ्यात मोठी चूक: जोरात ओढणं. वाकवायला ताकद लागत नाही, जागा लागते.

माझी फजिती सांगतो. नवा सी आणला, बाकी सगळं वाजत होतं, दुसरं भोक ओढलं की नुसती फुसफुस. दोन दिवस हैराण. मग पुण्यातल्या ज्या दुकानातून आणला तिथे परत घेऊन गेलो, माल खराब आहे म्हणून. काउंटरवरच्या काकांनी तो शर्टाला पुसला, ओठाला लावला आणि दुसऱ्या भोकातून असा गरगरीत सूर काढला की मागचे दोन गिऱ्हाईक वळून बघायला लागले. वाद्य परत देत म्हणाले, “भाऊ, हवा ओढायची, उसाचा रस नाही.” मी जोर लावून नकळत सूर अर्धवट वाकवत होतो, आणि अर्धवट वाकलेली रीड बोलत नाही. तुमचंही दुसरं भोक रुसलं तर दुकानात जाऊ नका. जबडा सैल सोडा, जांभई आल्यासारखा घसा उघडा आणि जेमतेम ओढा.

आणि तिसरं भोक. यात नवशिक्याचं वर्ष जातं आणि जावं. पूर्ण वाकवलं की कोमल रे, त्याच्या वर रे, त्याच्या वर कोमल ग, आणि न वाकवता शुद्ध ग. हे चारही थांबे हवे तेव्हा, थेट, घसरत न येता लावता आले पाहिजेत. पण ब्लूजचा गंधार यातला एकही नाही. दरबारीचा गंधार जसा कोमलच्याही खाली झुलतो, तसा ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लटकतो. तीन ओढा आणि फक्त एक केसभर खाली दाबा. पेटीवर तो नाही, पियानोवरही नाही. पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास आणतात. तुमच्याकडे तो खरा आहे. ज्याने ख्याल ऐकलाय त्याचा कान हा सूर लवकर पकडतो. तोंडात यायला वेळ लागतो, कानात यायला लागत नाही.

एवढं जमलं की हे वाक्य उतरत्या क्रमाने वाजवा:

४ओ – ४ओ वाकवून – ४फुं – ३ओ वाकवून – २ओ

म्हणजे प, तीव्र म, म, कोमल ग, सा. खूप सावकाश. शेवटच्या सा-वर थांबा आणि तो हलकेच थरथरू द्या. पाच सुरांत ब्लूजचं बरंच काही येऊन गेलेलं असेल.

बारा बारचं आवर्तन

ब्लूजची बांधणी बहुतेक वेळा बारा बारची. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन समजा. स्वरमेळ असे बदलतात:

सा – सा – सा – सा
म – म – सा – सा
प – म – सा – प

शेवटचा प पुन्हा समेकडे ढकलतो, तिहाईसारखा.

मात्रेची चाल सरळ नसते. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला गिळा. लंगडत चालल्यासारखी जी लय येते तिला शफल म्हणतात. टाळी देऊन तोंडाने बोला आधी, वाद्यावर मग.

आणि आता ओढ-फुंक याच्याशी जोडा. सा-चे बार आले की पहिली चार भोकं ओढा. म-चे बार आले की तीच चार फुंका, कारण तिथे म-चा पूर्ण स्वरमेळ बसलेला आहे. प-साठी १ओ किंवा ४ओ. झालं. अख्ख्या आवर्तनाचा पाया तुमच्या श्वासात आला: घरी असलात की आत, मध्यमावर गेलात की बाहेर. एक सावध सूचना: म-च्या बारवर न वाकवलेलं तिसरं भोक लांब धरू नका. शुद्ध ग तिथे टोचतो. वाकवून कोमल करा, किंवा सोडून द्या.

गाणाऱ्याची संगत

ब्लूजच्या कडव्याची ठरीव घडण म्हणजे तीन ओळी. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिचं उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणारा साधारण दोन-अडीच बारमधेच ओळ संपवतो. उरलेली जागा कुणाची? तुमची.

ख्यालाच्या मैफलीत चांगला पेटीवाला काय करतो ते आठवा. गवई गात असताना मागे, दबून. गवयाने श्वास घेतला की त्याने नुकतीच घेतलेली जागा हलक्या हाताने परत दाखवतो आणि बाजूला होतो. ब्लूजमधे माऊथ ऑर्गनचं काम हेच. गाणाऱ्याच्या शब्दांवर वाजवणं हा नवशिक्याचा अक्षम्य गुन्हा आहे, आणि माइकसमोर उभं राहिलं की तो हटकून होतो. सरावाला एखादं मंद ब्लूज गाणं लावा, वाद्य हातात घ्या आणि ओळीच्या शेवटीच वाजवा. दोन सूर. पुढच्या ओळीला तेच दोन सूर, जरा वेगळे. बस.

ही भूमिका पक्की करणाऱ्यांत जॉन ली विल्यमसनचं नाव पहिलं घ्यावं लागेल. टेनेसीतल्या जॅक्सनचा, जन्म १९१४, ‘सनी बॉय’ या नावाने १९३७ पासून ध्वनिमुद्रिका केल्या. गाणं आणि वाजवणं एकाच तोंडाचं, तेव्हा ओळ संपली की लगेच माऊथ ऑर्गन तिचं बोलणं पुढे न्यायचा. शब्द कुठे थांबले आणि सूर कुठे सुरू झाले हे सांधा न दिसता. १९४८ मध्ये शिकागोत त्याचा खून झाला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: आणखी एक सनी बॉय विल्यमसन आहे. आधीचं आडनाव मिलर, पहिला हयात असतानाच त्याने तेच नाव लावलं. १९४१ मध्ये आर्कान्सातल्या हेलेना गावच्या केएफएफए रेडिओवर पिठाच्या जाहिरातीचा ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यातून तो मिसिसिपीच्या शेतमजुरांच्या घराघरांत पोहोचला. नाव चोरलेलं, वादन अस्सल. तो अतिशय कमी वाजवायचा, आणि थांबायचा तिथे तुम्ही श्वास रोखून वाट बघता. नवशिक्याने या दुसऱ्याला आधी ऐकावं असं माझं मत आहे, कारण त्याचे सूर मोजता येतात.

हात आणि गळा

ओंजळ घट्ट बंद केली की आवाज लांबून, पांघरुणातून आल्यासारखा. उघडली की समोर. बंद-उघड, बंद-उघड: ‘वा… वा’. लहान मूल रडतं तसंही काढता येतं, आणि ते काढून तुम्ही घरच्यांना नको इतकं छळाल. हातांत फट राहता कामा नये, फक्त एक दरवाजा. करंगळ्यांच्या बाजूला हमखास गळती असते, तिथे बघा.

सुराची थरथर हातानेही होते, पण खोल थरथर येते गळ्यातून. आवाज न करता हळूहळू खोका, हवा आत घेत घेत: ह-ह-ह-ह. तीच हालचाल सुराखाली. एका मात्रेत तीन, मग चार. सनी टेरी हा अंध वादक सुरांच्या मधेमधे तोंडाने हाळ्या घालायचा, आणि हाळी कुठली, माऊथ ऑर्गन कुठला हे ओळखणं कठीण व्हायचं. कारण दोन्हीकडे काम करणारा गळा एकच.

माइक हातात आला तेव्हा

दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय कामासाठी उत्तरेला गेले, त्यांच्यासोबत ब्लूज शिकागोला आला. तिथे गिटारला वीज लागली, ड्रम आले, दारूच्या गुत्त्यांचा गोंगाट आला, आणि ओंजळीतला माऊथ ऑर्गन ऐकू येईना.

लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा मॅरियन वॉल्टर जेकब्ज हा पोरगा विशीच्या आत शिकागोत पोहोचला आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला. लिटिल वॉल्टर. त्याने स्वस्तातला माइक वाद्यासकट ओंजळीत बंद केला आणि त्याची वायर गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. माइकवर वाजवणारा तो एकटा नव्हता. पण इतरांना फक्त मोठा आवाज हवा होता. वॉल्टरने अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत ताणला आणि त्या फाटलेल्या आवाजाचंच वाद्य केलं. ओंजळ आवळली की सूर सॅक्सोफोनसारखा जाड, सैल केली की बारीक.

१२ मे १९५२ ला शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याने ‘ज्यूक’ ही शब्दांविना चीज वाजवली. ती बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या रिदम अँड ब्लूज लोकप्रियता यादीत आठ आठवडे पहिली राहिली. नुसता माऊथ ऑर्गन, गाणं नाही, आणि पहिला क्रमांक. संगत करणारं वाद्य त्या दिवशी गवयाच्या गादीवर बसलं. वॉल्टर १९६८ मध्ये गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, रस्त्यावरच्या मारामारीनंतर. आजही कुणी अ‍ॅम्प्लिफायरवर ब्लूज वाजवतो तेव्हा त्याला टाळून जाता येत नाही.

तुम्ही मात्र वर्षभर माइक विकत घेऊ नका. बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे ते जुने माइक फार मोहात पाडतात, पण वाईट आवाज माइकने मोठा होतो, चांगला होत नाही. त्याऐवजी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसा. आवाज परत अंगावर येतो आणि आपण खरं काय वाजवतोय ते ऐकू येतं. बाथरूममध्ये सगळेच थोर असतात, तिथे सराव करू नका.

ऐकायला आणखी: बिग वॉल्टर हॉर्टनचा आवाज, जेम्स कॉटनची ताकद, ज्युनिअर वेल्सचा खट्याळपणा. एका वेळी एकच वादक घ्या, महिनाभर. प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. तिथे गेलात तर माऊथ ऑर्गनवाला वाजवत नसतो तेव्हा काय करतो ते बघा.

निगा, आणि मेलेल्या माऊथ ऑर्गनचा उपयोग

वाजवण्याआधी तोंड धुवा. वडापाव खाऊन लगेच वाजवलंत तर शेव रीडमध्ये अडकते; मी काढलीय, काडीने, दीड तास. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळव्यावर हलके आपटा, थोडा वेळ उघड्यावर वाळू द्या, मग डबीत ठेवा. दुसऱ्याला तोंड लावू देऊ नका, मित्र कितीही जवळचा असो.

जोर करणाऱ्यांचं चौथं किंवा पाचवं भोक ओढीला आधी उतरतं: एक दिवस तो सूर किंचित खाली बोलतो, आणि मग कायमचा. रीडला बारीक चीर गेलेली असते. तो माऊथ ऑर्गन फेकू नका. वरखालचे पत्रे काढा. स्क्रू असतील तर पाच मिनिटांचं काम. वरच्या पट्टीवरच्या रीड फुंकीच्या, खालच्या ओढीच्या. सुईने एकेक हलकेच छेडा, प्रत्येकीचा बारीक आवाज ऐका. मग तिसऱ्या भोकाच्या फुंकीच्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, पत्रे परत बसवा आणि तीन नंबर ओढून वाकवून बघा. सूर वाजेल, पण जिथे काल तीन थांबे खाली जाता येत होतं तिथे तो अडून बसेल, फार तर कुरकुरेल. आता चिकटपट्टी काढा आणि पुन्हा ओढा.